शेवटच्या कडव्यातलं नाव

प्रमिलानं कॅसेट मागितली तेव्हा माझ्या हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं. फेब्रुवारीत सौंसरच्या ब्लॉक ऑफिसात दुपारी दोननंतर फारसं काम नसतं. आम्ही बाबू लोक टेबलावर जुना पेपर पसरतो आणि कुणी ना कुणी बागेतून आणलेली संत्री सोलत बसतो. ती दारात उभी राहिली, "हिरामण काका तुमीच ना?" म्हणाली, आणि तिनं नाव सांगायच्या आधीच मी तिला ओळखलं. नाक बापाचं होतं. सत्त्याऐंशी साल सुरू होऊन महिना झाला होता, आणि आमच्या गायन पार्टीचे म्होरके भगवंतराव नाकेदार, त्यांच्या घरचं कुणी माझ्याशी बोलल्याला सहा वर्षं उलटून गेली होती. ती पांढुर्ण्याहून बसनं आली होती, चपला धुळीनं भरलेल्या. "बाबाले लकवा मारला काका, दिवाळीच्या आधी. उजवा हात नाई चालत, पाय नाई चालत. बोलणं तं बंदच झालं. सगळं समजते त्याईले, पण तोंडातून एक शब्द निघून नाई राहिला. ढोलकवाले गुणवंता काका म्हणे, पार्टीतल्या लोकाईत टेप एकट्या हिरामणपाशी आहे. बाबाचं एखादं गाणं असन तुमच्यापाशी तं द्या. निदान ऐकून तरी बरं वाटंन त्याईले." लपवून काय करायचं, मला आनंद झाला. सौंसरपासून लोधीखेड्यापर्यंत लाउडस्पीकरवर गाजलेलं ते तोंड आता पाणी मागायलाही उघडत नाही, हे ऐकायला मला गोड लागलं. आणि मग दुसरं आठवलं, ते त्याहून गोड होतं. भगवंतरावांच्या आवाजाची कॅसेट जगात एकच होती, ती माझ्याकडे होती, आणि ती मी चार वर्षांपूर्वी माझ्या हातानं पुसली होती. "नाही" एवढंच म्हणायचं होतं. तो शब्द जिभेवर तयार होता. पण मी म्हणालो, "आहे. शोधावी लागंन. दोन रविवार दे मले." तिचे डोळे भरून आले आणि मी उरलेलं संत्रं तिच्या हातात ठेवलं.

'आहे' का म्हणालो, ते मला घरी जाईपर्यंत कळलं नाही. सायकल हातात धरून चालत निघालो, आणि वाटभर मला आईच दिसत होती. आमच्याकडे गायन पार्टीच्या गाण्याची एक रीत आहे, ती बाहेरच्या माणसाला सांगावी लागते. गाणं ज्यानं लिहिलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. आमची गाणी कुणी छापत नाही, कुणाच्या कपाटात ती राहत नाहीत. लिहिणाऱ्याला जे काही मिळतं ते त्या एका ओळीत, माईकवरून एकदा निघून जाणारं आपलं नाव. भगवंतराव पुढं बसायचे, उजवा तळवा कानावर, आणि डावा हात पाठीमागं. त्या डाव्या हाताची दोन बोटं वर झाली की खंजिरी सुरू. मागं न बघता, गडी माणसाला भांडं उचलायला सांगावं तशी ती बोटं वर व्हायची, आणि खंजिरी माझ्याकडे होती. मी गातो म्हणालो होतो, पहिल्याच वर्षी. "तुया आवाजाले धार नाई, बे," ते सगळ्यांदेखत म्हणाले, "तू मागं बस, खंजिरी धर." लोक हसले. मीही हसलो, आणि त्या हसण्याचा राग मला त्यांच्या बोलण्याहून जास्त आला.

ऐंशीच्या चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी मी गाणं लिहिलं. आई बोरगावात दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. बोंडांनी फाटलेली तिची बोटं आणि माझी पाटी, दोन्ही एकाच वेळी मला दिसली आणि एका बैठकीत पाच कडवी झाली. 'माय वेची कापूस, लेक वेची अक्षर' असं धृपद होतं. शेवटी रीतीप्रमाणे माझं नाव: 'हिरामण सांगे बाई, कोरी पाटी ठेवू नाई'. भगवंतरावांनी कागद वाचला, खिशात घातला, तालमीत चार कडवी बसवली आणि पाचवं "स्टेजवर पाहू" म्हणाले. मला त्यात काही वाईट दिसलं नाही. मी बोरगावला निरोप धाडला, आणि आई चौदा तारखेला नवी साडी नेसून, पायात काही नसताना, भर उन्हात चालत सौंसरला आली. लाउडस्पीकरवरून लेकाचं नाव ऐकायला. ती अगदी समोर बसली होती, मला मागून तिचा पदर दिसत होता. चार कडवी झाली. पाचवं आलं. भगवंतराव जरा सावरून बसले, 'भगवंता सांगे बाई' असं खणखणीत गायले, आणि त्याच क्षणी डाव्या हाताची दोन बोटं वर झाली. आणि मी खंजिरी वाजवली. हे मी सुशीलेला, माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. चोरी करणाऱ्याचा राग करता येतो, पण माझं नाव चोरीला जात असताना त्याला ठेका मी धरला होता. हात आपोआप चालला, सवयीनं. कार्यक्रम संपल्यावर आई म्हणाली, "चांगलं म्हटलं रे तुया मास्तरनं. पुढच्या साली तुयं नाव घेईन तो, आता वेळ पुरला नसंन." पुढचं साल तिला मिळालं नाही, डिसेंबरातच गेली. मयतीला भगवंतराव आले होते, त्यांनी माझ्या खांद्यावर डावा हात ठेवला. मी पार्टी सोडली, आणि मनात एकच ठेवलं, की या माणसाचं उट्टं काढल्याशिवाय मरायचं नाही.

माणसं घरात बसून दारू पितात, मी गाणी टेप करायला लागलो. ब्याऐंशीत नागपूरहून एक टेप आणला, पुढच्या साली दुसरा जुना घेतला, कारण एकट्यानं अख्खी पार्टी उभी करायची तर दोन लागतात. पहिल्यावर ढोलक वाजवून टेप करायची. मग तो चालू ठेवून त्याच्यासोबत पेटी वाजवायची आणि दोन्ही दुसऱ्या टेपवर घ्यायची. मग तो चालू ठेवून गायचं, पहिल्यावर घ्यायचं. मग कोरस, एकदा जाड आवाजात, एकदा बारीक. दर खेपेला मागं एक सूं सूं वाढत जाते, पाचव्या खेपेला तर गाणं पाऊस पडत असल्यासारखं ऐकू येतं, पण त्या सगळ्या गर्दीत एकही माणूस परका नसतो. रविवारी दुपारी सुशीला रामाकोन्याला बहिणीकडे जायची. मी दाराला गोधड्या लावायचो, पंख्याचा आवाज येतो म्हणून तो बंद करायचो, आणि बनियनवर घामानं निथळत गायचो. लाईट कमी झाली तर टेप हळू चालतो आणि मागून ऐकताना सगळाच सूर चढतो, म्हणून एक डोळा बल्बवर ठेवायचा. त्या खोलीत पुढंही मीच बसलेला, मागंही मीच. बोटं वर करणारा कुणी नव्हता. शेजारच्या बाया सुशीलेला विचारायच्या, "तुया घरी रविवारी इतके लोक कोण येते व?" ती सांगायची, "आमचे साहेब एकटेच भरपूर आहेत." ऐकून मी सुखावायचो. पण खरं बोलायचं तर एकही गाणं मी कुणाला ऐकवलं नाही. ऐकवलं असतं आणि कुणी पुन्हा धार नाही म्हणालं असतं, तर मी काय केलं असतं ते मला ठाऊक नव्हतं.

त्र्याऐंशीच्या जयंतीला मी टेप घेऊन श्रोत्यांत बसलो. भगवंतरावांनी माझंच गाणं म्हटलं, त्यांच्याच नावानं, आणि मी ते अख्खं कॅसेटवर घेतलं. पुरावा म्हणून घेतलं असं स्वतःला सांगत होतो. पुरावा दाखवणार कुणाला होतो? महिनाभर रोज ऐकलं. गाणं सुरू करण्याआधी ते घसा खाकरायचे तो आवाज, दुसऱ्या कडव्याआधी "गुणवंता, सांभाळ" म्हणायचे ते, 'अक्षर'मधला पहिला अ नाकातून ओढायचे तो. ऐकता ऐकता मला त्यांची नक्कल यायला लागली. आधी चेष्टा म्हणून, सुशीला पोट धरून हसायची. मग ती हसेनाशी झाली, कारण ती चेष्टा राहिली नव्हती. एका रविवारी संतापाच्या भरात मी त्याच कॅसेटवर माझं गाणं चढवलं, माझ्या आवाजात, माझ्या नावानं. कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकचा एक बारीक दात असतो, तो मोडला की तिच्यावर दुसरं काही टेप होत नाही. मी तो मोडला नव्हता. अर्ध्या तासात भगवंतराव पुसले गेले. त्या रात्री मला छान झोप लागली.

तर प्रमिला आली त्या दिवशी घराशी येईपर्यंत मला कळलं होतं की मी तिला 'आहे' का म्हणालो. मी त्यांचा आवाज करणार होतो. त्यांच्याच आवाजात माझं गाणं गाणार होतो, आणि शेवटच्या कडव्यात त्यांना माझं नाव घ्यायला लावणार होतो. त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच खणखणीत सुरात. बायको, पोरगी, गुणवंता, सगळे ऐकतील की गाणं हिरामणचं आहे आणि भगवंतरावच तसं सांगतायत. एकट्या त्यांना माहीत असेल की हे आपण कधीच म्हटलेलं नाही, आणि त्यांना ते सांगता येणार नाही. तोंड उघडतील आणि लाळ गळेल. रोज सकाळी पोरगी कौतुकानं कॅसेट लावील आणि रोज ते खाटेवर पडून ऐकतील. याहून चांगला सूड मला सुचला नसता, सुचवायला कुणी आलं असतं तरी. मी सायकल भिंतीला लावली आणि अंगणात उभ्या उभ्या हसलो.

पहिला रविवार ढोलक आणि पेटीत गेला. दुसऱ्या रविवारी मी पंखा बंद केला, पण गोधड्या लावल्या नाहीत, खिडकी सताड उघडली. पोरांचा गलका, सायकलींच्या घंट्या, भाजीवाल्याची आरोळी, सगळं आत येऊ दिलं. जयंतीच्या मांडवात असतो तसा लोकांचा आवाज मागं हवा होता. उजवा तळवा कानावर ठेवला. नुसतं तेवढं केल्याबरोबर छाती वेगळी झाली, श्वास आणखी खालून यायला लागला. घसा खाकरला, तो त्यांच्यासारखा. चार कडवी गेली ती मी गायली असं मला म्हणता येणार नाही. माझा डावा हात पाठीमागं गेला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. पाचवं कडवं. 'हिरामण सांगे बाई.' आई समोर बसलीय, तिचा पदर दिसतोय, आणि लाउडस्पीकरवरून तिच्या लेकाचं नाव निघतंय. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज हलला नाही, कारण भगवंतरावांचा आवाज कधी हलत नसे. टेप बंद करून वळलो तर दारात सुशीला उभी. बहीण घरी नव्हती म्हणून लवकर परतलेली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, पाहुण्याला द्यायला आणतात तसा. "मले वाटलं नाकेदार साहेब बरे होऊन आले," ती म्हणाली. मग खोलीत मी एकटाच पाहून तिनं तांब्या खाली ठेवला. "काय करून राहिले तुमी हे? बिमार माणूस आहे तो."

"त्याचंच गाणं आहे, त्यालेच देऊन राहिलो."

"असं नका करू. माणूस जितं असताना त्याचा आवाज नाई काढू कोणी."

मी टेपमधून कॅसेट काढली. तिच्या पाठीवरचे दोन्ही दात चाकूच्या टोकानं मोडले. आता ती कुणाला पुसता येणार नव्हती, मलासुद्धा.

सोमवारी रजा टाकली आणि पांढुर्ण्याची बस धरली. टेप पिशवीत, पिशवी मांडीवर. बोरगाव मागं पडलं, दोन्ही बाजूंनी संत्र्यांच्या बागा आणि कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली शेतं. खिडकीतून वारा लागत होता आणि मला एकच काळजी होती, गुणवंताची. तो तिथं असणार होता. कॅसेटवरची ढोलक मी वाजवलेली होती, आणि वाजवणाऱ्याला स्वतःचा हात ओळखू येतो. पकडलो गेलो तर काय, हे मी बसभर घोकत राहिलो. भीती वाटत होती, आणि भीतीच्या खाली मला तसं व्हावंसंही वाटत होतं. कुणीतरी उठून म्हणावं, हा भगवंतरावांचा आवाज नाही, हा हिरामण आहे. इतकं सुंदर हिरामण गातो.

घर बैठं होतं, अंगणात तुळशीऐवजी सदाफुली. भगवंतराव ओसरीत खाटेवर उशांना टेकून बसवलेले. निम्मे झाले होते. उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा पडला होता, तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली. डोळे मात्र तेच. त्यांनी मला पाहिलं आणि डोळे हलवले नाहीत. भिंतीला खुंट्यांवर पार्टीचं सामान होतं: ढोलक, तिच्याशेजारी खंजिरी. सहा वर्षं त्या खंजिरीला बहुतेक कुणी हात लावला नव्हता, पत्र्याच्या चकत्या काळ्या पडल्या होत्या. गुणवंता आला, म्हातारा झालेला, त्यानं मला मिठी मारली. प्रमिलानं चहा आणला, तिची आई पदरानं डोळे पुसत दारात बसली. मी टेप खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला, तार लावली, आणि बटण दाबलं. आधी गलका. मग घसा खाकरल्याचा आवाज. त्या एवढ्याशा आवाजानं त्यांच्या बायकोला हुंदका फुटला. गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याआधी "गुणवंता, सांभाळ" आलं, आणि गुणवंता खूश होऊन माझ्याकडे वळला. "मायीच ढोलक आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी मले ताप होता, तरी हात पाहा." मी मान हलवली. कुणीही उठून हा हिरामण आहे म्हणालं नाही. माझी एक आशा तिथंच मेली आणि मी दुसरीकडे वळलो, म्हाताऱ्याकडे.

ते डोळे मिटून ऐकत होते. डावा हात चादरीवर ठेका धरत होता. पहिल्या कडव्यात तो अडखळला होता, दुसऱ्यात पुन्हा लागला. तिसऱ्यात, 'अक्षर'वर, त्यांनी डोळे उघडले आणि टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं. मला ठाऊक आहे त्यांना कळलं. मी ती नजर सात वर्षं मनात रंगवली होती आणि ती तशीच निघाली, तंतोतंत. चौथं कडवं आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघत ऐकलं. आता ये, मी मनात म्हणत होतो, आता ऐक. पाचवं आलं. 'हिरामण सांगे बाई.' खोलीत त्यांचा आवाज घुमला, खणखणीत, माझं नाव घेऊन. त्यांचं ओघळलेलं तोंड उघडलं, गळ्यातून घरघर आली, मानेची शीर फुगली. शब्द निघाला नाही. प्रमिलानं घाईनं तोंड पुसलं. मी तेवढ्यासाठी आलो होतो आणि तेवढं मी डोळे भरून पाहिलं.

"काका, हे गाणं तुमचं होतं?" प्रमिला माझ्याकडे वळली. तिचा चेहरा नुसता उजळला होता. "आमाले तं बाबाचंच वाटे. अन पाहा ना, बाबानं कसं तुमचं नाव घेतलं. भर स्टेजवर."

"मन मोठं होतं ना माणसाचं," गुणवंता म्हणाला. "त्या दिवशी तापात माया ध्यानात नाई आलं. दुसऱ्याचं नाव घेऊन इतकं जीव तोडून कोण म्हणते? तू उगाच रुसून बसला होता हिरामण. त्यानं तं तुले अमर करून टाकलं."

"ह्या जयंतीले सौंसरात हेच लावू," प्रमिला म्हणाली. "लाउडस्पीकरवर. बाबाले खुर्चीवर नेऊन बसवू. बाबाच गातील, काका."

मी तोंड उघडलं. सांगता आलं असतं. हा आवाज माझा आहे, एवढी चार शब्दांची गोष्ट होती. पण मग पाचव्या कडव्यातलं नावही माझंच मी घेतलेलं ठरलं असतं, माझ्या खोलीत, एकट्यानं. दोन्हींतलं एकच ठेवता येत होतं. मी तोंड मिटलं. खाटेवरून सुरू असलेली घरघर थांबली होती. भगवंतराव माझ्याकडे बघत होते, मघापासून, माझं उघडलेलं आणि मिटलेलं तोंड त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या चेहऱ्याची जी बाजू चालत होती ती हळूच वर गेली. त्यांनी डावा हात टेपकडे केला, पुन्हा लाव म्हणून. प्रमिलानं कॅसेट मागं घेतली, बटण दाबलं. गलका, खाकरणं, पेटी. आणि मग भगवंतरावांनी मान पुढं वळवली, माझ्याकडे न बघता डावा हात उशीवरून पाठीमागं नेला, आणि दोन बोटं वर केली.

"काका, बाबा तुमाले खंजिरी मागून राहिले," प्रमिला म्हणाली. रडत होती, हसत होती. तिनं खुंटीवरून खंजिरी काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. टेपवर माझा आवाज भगवंतरावांच्या आवाजात धृपदावर आला होता. बोटं तशीच वर होती, थांबलेली. माझा हात चालायला लागला.